रॅक चारचं मेण

मेलबर्नबाहेर, वेरिबीजवळच्या एका शेडमध्ये मी तीन वर्षं स्कींना मेण लावलं आणि तीन दिवस ते काढलं. लावण्याबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नाही. काढण्याबद्दल मात्र मी अजून स्वतःलाच विचारते आहे, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण मेलबर्नमध्ये दहा-दहा वर्षं राहिलेल्या आपल्या माणसांनाही असं काम असतं हे माहीत नसतं. इथल्या डोंगरांवर जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बर्फ असतो. त्या दिवसांत शाळांच्या सहली, ऑफिसातले गट, कुटुंबं तिकडे जातात आणि बहुतेक जण स्की, बूट, काठ्या, हेल्मेट भाड्याने घेतात. उरलेले आठ महिने हे सगळं सामान कुठेतरी नीट ठेवावं लागतं. आमच्या कंपनीचं सामान सपाट माळावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये असायचं. बाहेर चाळीस डिग्री, उत्तरेकडून येणारा भट्टीसारखा वारा, आणि आत रॅकवर ओळीने शेकडो जोड स्की.

स्की म्हणजे लांब पट्टी. तिचा तळ प्लास्टिकचा असतो आणि तळाच्या दोन्ही बाजूंना पोलादाची बारीक कड असते. बर्फावर वळायचं, थांबायचं ते त्या कडेच्या जोरावर. हिवाळा संपला की तळ कोरडा पडायला लागतो आणि कडा गंजायला लागतात. म्हणून स्की साफ करायची, कडा घासायच्या, आणि मग इस्त्रीवर मेणाची वडी टेकवून ते वितळलेलं मेण तळावर आणि कडांवर जाड थापायचं. कपड्यांची असते तशीच इस्त्री, फक्त तिला वाफेची भोकं नसतात. हे मेण उन्हाळाभर तसंच राहू द्यायचं असतं. जूनमध्ये ते खरवडून काढायचं, ब्रश मारायचा, आणि स्की डोंगरावर पाठवायची. एवढंच शास्त्र. मेण हिवाळ्यात काढायचं, उन्हाळ्यात ठेवायचं. सहा वर्षांच्या पोरालाही समजेल.

मला समजलं नाही.

मी इचलकरंजीची. आई अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचं काम करते, बाबांचा छोटा छापखाना आहे. आमच्याकडे पुस्तकं बेताची आणि पत्रकं पोत्याने. मी वाचायला शिकले ती ‘मानधन नको, वेतन द्या’ या ओळीवर. प्रुफं तपासायला बाबा मला चौथीपासून बसवायचे. त्यामुळे शब्द नेमका असावा, एका शब्दाला एकच अर्थ असावा, आणि मागणी पहिल्या परिच्छेदात यावी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी हे कौतुकाने सांगत नाही. पुढे जे झालं त्यात याचा वाटा आहे, म्हणून सांगते.

करोनानंतर सीमा पुन्हा उघडल्यावर विद्यार्थ्यांचा जो लोंढा या देशात आला, त्यात मीही आले. पब्लिक हेल्थचं मास्टर्स. तीन खोल्यांच्या घरात आम्ही सात जणी. पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तास काम करायची परवानगी, आणि काम मिळवायला प्रत्येक दारात आपल्यासारखेच चाळीस उभे. शेडमधलं काम मला मिळालं ते ग्लेनमुळे. ग्लेन शेडचा मॅनेजर. साठीचा, आयुष्यभर डोंगरावर स्की दुरुस्त केलेला, आणि आता दोन्ही गुडघे गेल्यामुळे खाली सपाटीवर आलेला.

“स्की येतं?” त्याने विचारलं.

“नाही.”

“छान. ज्यांना येतं ते जूनमध्ये पळून जातात.”

ही माझी मुलाखत.

पहिले काही आठवडे मी फक्त बूट पाहिले. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा, आत कापडी मोजा. मोजा बाहेर काढायचा, वाळवायचा, परत घालायचा, आणि बकल सैलसर लावून ठेवायचं, नाहीतर बुटाचा आकार बिघडतो. बुटात हात घालायच्या आधी तो उलटा करून जमिनीवर आपटायचा, हा पहिला धडा. आतून उंदराचं घरटं पडतं, चॉकलेटचे कागद पडतात, आणि कधी कधी पाठीवर लाल पट्टा असलेला काळा कोळी पडतो, तो विषारी असतो. आपटताना मी मनात शिव्या द्यायचे. हे मी कुठल्याच टाइमशीटमध्ये लिहिलं नाही.

हिवाळ्यात शेडच्या पुढच्या बाजूला काउंटर उघडायचा. डोंगरावर गाडीने निघालेले लोक आमच्याकडूनच सामान घेऊन जायचे. तिथे खरी गंमत. स्की बुटाला ज्या सापळ्याने जोडलेली असते त्याला बाइंडिंग म्हणतात. चांगलं बाइंडिंग घट्ट धरतं ही चुकीची समजूत आहे. चांगलं बाइंडिंग वेळेवर सोडतं. माणूस पडला की स्की पायापासून सुटली पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. किती जोर आल्यावर सुटायचं हे वजन, उंची, वय आणि स्की करण्याची तऱ्हा यांवरून ठरतं, आणि हे सगळं गिऱ्हाइकाने फॉर्मवर खरं लिहायचं असतं.

एक बाई होत्या, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. पन्नाशीनंतर बाइंडिंग थोडं सैल करतात. या बाईंची आमच्याकडची सलग तीन हिवाळ्यांची कार्डं मी काढली, तिन्हींवर वय एकोणपन्नास. मी ती शेजारी-शेजारी ठेवली. त्या म्हणाल्या, “मी फार हळू म्हातारी होते, लव्ह.” मी सैल केलं. त्यांनी पाहिलं आणि त्या सामान उचलून निघाल्या.

आणि आपली माणसं. फॉर्मवर स्की करण्याच्या तऱ्हा तीन. एक म्हणजे सावकाश, तीन म्हणजे बेधडक. पहिल्यांदाच बर्फ पाहायला निघालेले पुण्याचे एक गृहस्थ, आयटीतले, सोबत बायको आणि दोन मुलं, बिनदिक्कत तीन लिहीत होते.

“दादा, तीन नका लिहू,” मी म्हटलं.

“का? कमी कशाला लिहायचं?”

“तीन लिहिलं तर पडल्यावर स्की सहज सुटणार नाही. तुमच्यासाठी एक बरोबर.”

“एक म्हणजे पहिला नंबर ना?”

“हो.”

“मग तसं सांगा की आधी,” म्हणून त्यांनी चौघांच्या फॉर्मवर एक लिहिलं आणि खुशीत गेले. मी ही युक्ती पुढे पुष्कळ वापरली. खरं बोलून माणसं सुरक्षित राहत नसतील तर काय करायचं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो नंतर पडला.

आता सुहास. सुहास शेडचा सुपरवायझर. नाशिकचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, माझ्यासारखाच विद्यार्थी म्हणून आलेला आणि शिक्षण संपल्यावर इथेच टिकलेला. आई फोनवर मला सांगायची, “सुहासदादा म्हण.” मी एकदा म्हटलं. तो म्हणाला, “दादा म्हणालीस तर तुला हेल्मेटं धुवायला लावीन.” मग सुहासच. त्याचा व्हिसा मार्चमध्ये संपणार होता आणि पुढच्या व्हिसासाठी कंपनी त्याला स्पॉन्सर करणार होती. त्यासाठी ग्लेनने मालकांना लिहून द्यायचं होतं की हा माणूस शेड जबाबदारीने चालवतो. नाशिकला त्याचं लग्न ठरत होतं, आणि मुलीचे वडील दर फोनला एकच विचारत होते, पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहण्याचं, कुठवर आलं? त्या एका पत्रावर सुहासचं सगळं टांगलेलं होतं, आणि हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

ग्लेनचा एक नियम होता. कामाची सूचना भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर लिहायची, आणि इंग्रजीतच. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. शेडमध्ये आम्ही नऊ जण, त्यांतल्या सहा जणांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा. मी एक पानाचं निवेदन लिहिलं, मुद्दे घातले, मागणी पहिल्या परिच्छेदात ठेवली, आणि ग्लेनला दिलं. त्याने चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

“कुठल्याही भाषेत गप्पा मारा,” तो म्हणाला. “गाणी म्हणा. सूचना बोर्डावर.”

“पण का?”

तेव्हा त्याने सांगितलं. डोंगरावरच्या त्याच्या जुन्या दुकानात दोन ऑस्ट्रियन कारागीर होते. ते आपापसात त्यांच्या बोलीत बोलायचे. एका दिवशी एकाने दुसऱ्याला बाइंडिंगबद्दल काही सांगितलं, दुसऱ्याने उलट ऐकलं, आणि एका गिऱ्हाइकाचा गुडघा गेला. “दोघंही शपथेवर सांगत होते की आपण बरोबर बोललो,” ग्लेन म्हणाला. “आणि दोघंही खरं बोलत होते.”

मला हे पटलं नाही. दोन ऑस्ट्रियनांची चूक आम्ही सहा जणांनी का फेडायची? मी सुहासला म्हटलं, “निदान तू तरी माझ्याशी मराठीत बोल. कामाचंही. दिवसभर इंग्रजीत हुकूम ऐकून डोकं दुखतं माझं.”

“पत्रकवाली,” तो म्हणाला. तो मला हेच म्हणायचा. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी मराठीत बोलू लागला. बोर्डावर इंग्रजीत लिहायचा आणि मला येऊन मराठीत सांगायचा. पुढे पुढे मला सांगायचं ते बोर्डावर लिहायचंच राहून जाऊ लागलं.

ते माझं शेडमधलं पहिलं वर्ष. बूट संपले होते, स्कींचं मेण नुकतंच शिकले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला सुहास साखरपुड्यासाठी दोन आठवडे नाशिकला गेला. विमानतळावरून त्याचा मला मेसेज आला. इंग्रजी अक्षरांत, मराठीत: रॅक चारचं वॅक्स काढून ठेव, आल्यावर बघतो.

रॅक चारवर शाळांच्या सहलींना द्यायच्या स्की होत्या, ऐंशी जोड, सगळ्यात जास्त आपटलेल्या. सगळ्यांवर जाड मेण होतं. मी मेसेज दोनदा वाचला. त्याच आठवड्यात ग्लेनने जपानला निघालेल्या एका गिऱ्हाइकाच्या स्कीवरचं मेण माझ्यासमोर खरवडलं होतं. म्हणजे रॅक चारही कुठेतरी निघाला असणार. तिकडे आता हिवाळा. मी कुणाला विचारलं नाही. सूचना स्पष्ट होती, माझ्या भाषेत होती, आणि भाषा मला चांगली येत होती.

तीन दिवस मी मेण काढलं. प्लास्टिकची पट्टी घेऊन, टोकापासून शेपटीपर्यंत, एका दमात, तळाला ओरखडा न येऊ देता. कडांवरचं कोपऱ्याने. मग नायलॉनचा ब्रश. खांदे भरून आले. पांढऱ्या चुऱ्याच्या तीन पिशव्या भरल्या. शेवटचा जोड रॅकवर ठेवला तेव्हा तळ आरशासारखे चकचकत होते आणि मला वाटलं, या शेडमध्ये याहून चांगलं काम कुणी केलेलं नाही. ते आजही खरं आहे. काम उत्तम झालं होतं.

सुहास गुरुवारी परत आला, पेढ्यांचा खोका घेऊन. मी त्याला हाताला धरून रॅक चारकडे नेलं. मधल्या दिवसांत मी स्वतः तिकडे फिरकले नव्हते. त्या दिवसांत समुद्राकडून दमट वारा सुटला होता, आणि ऐंशी जोडांच्या कडांवर तपकिरी रेघ उमटली होती.

सुहासने एका कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “हे काय केलंस?”

“वॅक्स काढून ठेवलं.”

“कुठे ठेवलंस?”

“कुठे म्हणजे? कचऱ्यात टाकलं.”

“अगं, काढून ठेव म्हणजे कपाटातून काढून ठेव. या रॅकला दुसरा हात द्यायचा होता मला. वड्या काढून ठेव.”

“मग तसं लिहायचं होतंस.”

“तसंच लिहिलंय.”

मी फोन काढला. त्याने आणि मी तो मेसेज मिळून वाचला. तसंच लिहिलं होतं. मी वाचलं तसंही तेच लिहिलं होतं. आमच्याकडे आई दारातून ओरडते, चपला बाहेर काढून ठेव. त्याच्याकडे त्याची आई सांगते, उद्याचे कपडे काढून ठेव. एकीचं पोर पायातलं उतरवतं, दुसरीचं कपाट उघडतं, आणि आजवर कुणाची चूक झाली नाही. माणूस समोर असतो म्हणून होत नाही.

आम्ही दोघंही हसलो. मला वाटतं सगळं मिळून अर्धं मिनिट.

मग सुहास म्हणाला, “ग्लेनला बोलू नकोस.”

मी विचारलं, का. त्याने समजावलं. मेण गेलं ही फार मोठी गोष्ट नव्हती. गंज घासता येतो, मेण परत लावता येतं. पण सूचना बोर्डावर नव्हती, इंग्रजीत नव्हती, फोनवर होती, नवीन मुलीला होती. ग्लेनने त्याला याबद्दल आधी दोनदा टोकलं होतं, आणि पत्र पुढच्या आठवड्यात लिहायचं होतं. “रविवारी शेड बंद असते,” तो म्हणाला. “माझ्याकडे किल्ली आहे. तू आणि मी येऊ, एका दिवसात उरकू.”

“माझे अठ्ठेचाळीस तास भरलेत.”

“तास लिहायचेच नाहीत ना.”

इथे माझं डोकं फिरलं. न लिहिलेले तास. फुकट केलेलं, कुणाला न दिसणारं काम. माझ्या आईचं सगळं आयुष्य त्याविरुद्ध पत्रकं काढण्यात गेलं आहे, आणि ती मी तपासली आहेत. शिवाय चूक झाकायची, तीही वरच्यापासून. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, हा माणूस माझ्याच हट्टामुळे माझ्याशी मराठीत बोलायला लागला होता, आणि आपल्याबरोबर काम करणाऱ्याला उघडं पाडायचं नाही हेही मी त्याच पत्रकांतून शिकले होते. पत्रकात या दोन गोष्टी कधी एका पानावर आल्या नव्हत्या.

“मी न लिहिलेले तास काम करणार नाही,” मी म्हटलं. “पण ग्लेनला सांगायचं की नाही ते मला विचार करू दे.”

“कर,” सुहास म्हणाला. “तुला विचार करायला वेळ आहे.”

गुरुवारी मी विचार केला. शुक्रवारी केला. ग्लेन दोनदा माझ्या शेजारून गेला आणि दोनदा मी बुटांकडे पाहत राहिले. शनिवारी आईला फोन लावला. सगळं सांगितलं, अगदी मुद्देसूद.

आई म्हणाली, “ते मेण लावतात ते मेणबत्तीचंच का?”

“आई, मी काय करू ते सांग.”

“मी तिथे नाही गं,” ती म्हणाली. “तो पोरगा तिथे आहे. त्याच्याशी बोललीस का परत?”

नव्हते बोलले. मला तिच्याकडून ठराव हवा होता. बोलायला मी सुहासकडे गेले नाही, कारण मी अजून ठरवलेलं नव्हतं, आणि न ठरवता काय बोलायचं हे मला येत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी शेडमध्ये शिरले तर रॅक चारवर सगळीकडे पांढरं जाड मेण होतं. ऐंशी जोड. सुहास रविवारी एकटा आला होता. त्याच्या डाव्या हाताला, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, पट्टी होती.

स्मोकोला, म्हणजे सकाळच्या चहाच्या सुट्टीत, ग्लेनने विचारलं, “हाताला काय झालं, मेट?”

“फोडणी देताना तेल उडालं,” सुहास म्हणाला.

ग्लेनने मान हलवली. त्याला खरं वाटलं होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं. इतर जण आपापल्या डब्यांत पाहत होते. तिथे सगळं संपलं असतं.

मी म्हटलं, “तेल नाही. इस्त्री आहे. चूक माझी होती. त्याने माझी चूक निस्तरली.” आणि मग सगळं सांगितलं: मेसेज, तीन दिवस, कडा, रविवार. मला वाटत होतं मी सुहासची बाजू घेते आहे. बोलताना मला बरं वाटत होतं, हे मला आठवतं, आणि ते आठवायला मला आवडत नाही.

ग्लेनने मला आत, त्याच्या ऑफिसात बोलावलं. सुहासलाही. दार लावलं.

“तो शब्द काय आहे?” त्याने विचारलं.

मी ‘काढून ठेव’ समजावलं. काढणं म्हणजे उतरवणं, काढणं म्हणजे बाहेर आणणं. ठेवणं म्हणजे ठेवणं. चपला, कपडे. ग्लेन लक्ष देऊन ऐकत होता. एकदा त्याने स्वतः म्हणूनही पाहिलं, आणि ते इतकं वाईट होतं की एरवी आम्ही हसलो असतो.

“चुऱ्याची पहिली पिशवी मी पाहिली होती,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी. मला वाटलं सुहासने सांगितलं असेल, त्याला काहीतरी कारण असेल. तो सुपरवायझर आहे. मी विचारलं नाही. ते माझं.” मग तो माझ्याकडे वळला. “गुरुवारी मला सांगितलं असतंस तर मी आठवडाभर तुमची टिंगल केली असती. बस. पण रविवारी बंद शेडमध्ये एकटा माणूस, परवानगी नाही, गरम इस्त्री, आणि भाजलेला हात. हे आता मला ठाऊक आहे. ठाऊक असलेलं मला लिहावं लागतं.”

“मग मी सांगायला नको होतं?” मी विचारलं.

“यॅ, नाह,” ग्लेन म्हणाला.

या देशात हे दोन शब्द लोक एकत्र म्हणतात. हो आणि नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ नाही असा असतो. त्या दिवशी काय होता ते मला कळलं नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

सुहास पूर्ण वेळ पट्टीचं टोक आत खोचत बसला होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “सुहास, मला वाटलं—”

“इट्स फाइन,” तो म्हणाला. “नो वरीज.”

मालकांनी स्पॉन्सर करणं नाकारलं नाही. एक हिवाळा बघू, म्हणाले. पण मार्च एक हिवाळा थांबत नाही. इथे राहायला म्हणून सुहासने परत विद्यार्थी व्हिसा घेतला आणि प्रवेश मिळाला तो लीडरशिपच्या डिप्लोमाला. सुपरवायझरकी गेली, कारण अठ्ठेचाळीस तासांत शेड चालवता येत नाही. लग्न पुढे गेलं. मुलीचे वडील फोनवर काय म्हणाले ते मला कळलं नाही, कारण तोवर सुहास मला काही सांगत नव्हता. भांडण झालं नाही. तो कधी तुटक बोलला नाही, कामात कधी अडवलं नाही. फक्त त्या सोमवारपासून तो माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. चहा घेतेस का हेसुद्धा.

मी एकदा त्याला बाजूला घेऊन म्हटलं, “माझी चूक झाली, पण कुठली ते तरी सांग. मेण काढलं ती? रविवारी आले नाही ती? सांगितलं ती? की चार दिवस उशिरा सांगितलं ती?”

तो खरंच विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, “आय डोन्ट नो, मुक्ता. ऑल गुड.”

मी यावर पुष्कळदा लिहायला बसले. पहिल्या परिच्छेदात मागणी लिहायची तर कुणाकडे आणि कशाची? अठ्ठेचाळीस तासांचा नियम, एका पत्रावर टांगलेलं आयुष्य, बोर्डावरची इंग्रजी, या सगळ्यांविरुद्ध मी आजही पत्रक काढीन, आणि ते चांगलं निघेल. पण हे सगळं नसतं तरी मी गुरुवारी गप्प बसले असते, असं मला कधी कधी वाटतं. ग्लेनचा नियम बरोबर होता का? त्या मेसेजपुरता होता. मग माझं निवेदन चूक होतं का? तेही मला म्हणवत नाही. आपल्या भाषेत काम सांगितलं जावं ही मागणी एका क्रियापदामुळे खोटी ठरत नाही. ठरते का?

दुसऱ्या उन्हाळ्यापासून रॅकची यादी माझ्याकडे आली. मी बोर्डावर स्वच्छ, मोठ्या अक्षरांत लिहायचे. अप्लाय वॅक्स. डू नॉट स्क्रेप. खाली तारीख आणि सही. ग्लेनला माझी अक्षरं आवडायची.

सुहासचं नॉमिनेशन, म्हणजे कंपनीने त्याला स्पॉन्सर करण्याचा अर्ज, त्यानंतरच्या वर्षी मंजूर झालं. मी मास्टर्स संपवून डार्विनच्या एका हॉस्पिटलात नोकरीला निघाले होते, शेडमधला माझा शेवटचा आठवडा होता. तो सकाळीच आला, वेरिबीतल्या मिठाईच्या दुकानातून पेढे घेऊन. सगळ्यांना वाटले. मी शेवटी होते, स्कीच्या कडा घासत. हात पुसून उभी राहिले.

“अभिनंदन,” मी म्हटलं. “लग्न कधी?”

“जॅन्युअरी,” तो म्हणाला, आणि खोका पुढे केला. त्यात तीन उरले होते. “टेक वन. लीव्ह द रेस्ट फॉर ग्लेन.”

मी एक घेतला. खोका त्याने माझ्या बाकावर ठेवला आणि तो रॅककडे गेला. वाक्य साधं होतं, त्यात उलट वाचण्यासारखं काहीच नव्हतं. पेढा तोंडात विरघळेपर्यंत मी त्यात दुसरा अर्थ शोधत उभी होते.